लाल गाडीवरची डोली

नांदेडात माझ्या कारखान्यात ढकलत आलेली मोटार आपल्या चाकांनी परत गेली नाही, असं कधी झालं नाही. एक इंजिन असं बसलं होतं की मालकानं डोक्यावरचा रुमाल काढून हातात धरला होता. मी नुसता पाना दाखवला अन् ते खोकायला लागलं. लोक म्हणतात, उस्ताद फेकतात. फेकतो की. मोटार उघडी पडलेली असते, गिऱ्हाईक बाकड्यावर बसून सुस्कारे टाकत असतं, त्याचा जीव रमवायला मिस्त्रीला जिभेलाही तेल घालावं लागतं. जो मिस्त्री नुसतंच काम करतो त्याच्याकडं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

पण हदगावकडच्या लाल गाडीची गोष्ट मी कुण्या गिऱ्हाइकाला सांगितली नाही. तिच्यात माझ्या पदरचं घालायला जागाच नाही. आता हात कापतात, कारखाना पुतण्यानं घेतलाय, निजामाचं राज गेलं अन् त्याचे नाकेही गेले. तेव्हा कागदावर उतरवून ठेवतो.

माझी शाळा म्हणजे लातूरची तेलाची गिरणी. तिथं इंजिनाजवळ बसून बसून मला त्याच्या ठोक्यावरून कळायचं की आज मालकाचं अन् मालकिणीचं भांडण झालंय. तिथून नांदेडला आलो, टिनाचं छप्पर टाकलं अन् मोटारी बघायला लागलो. चांगलं चाललं होतं. मग लढाई सुरू झाली आणि पेट्रोल नाहीसं झालं. परवान्यावर मिळायचं, तेही साहेबांच्या मोटारींना पुरायचं नाही. तेव्हा मोटारी कोळशावर चालवायची टूम निघाली.

आता कोळशावर म्हणजे कसं, ते सांगतो. शेगडीला वारं भरपूर मिळालं की कोळसा लाल होऊन जळून जातो. त्याच कोळशाला हवा कमी दिली तर तो अर्धवट जळतो, अन् त्यातून एक वायू निघतो, जो स्वतः पेट घेतो. गाडीच्या मागं माणसाएवढा लोखंडी ढोल बसवायचा, त्यात बाभळीचा कोळसा भरायचा, खालून पेटवायचा, हातानं पंखा फिरवत बसायचं. वायू निघायला लागला की तो नळ्यांतून थंड करायचा, काथ्यातून गाळायचा अन् इंजिनात सोडायचा. गाडी चालते. पेट्रोलवर घोडा असली तर कोळशावर म्हैस होते, पण चालते. उदगीरची मोटार चढाला लागली की उतारू खाली उतरून पुढं चालत जात, वर झाडाखाली भाकरी सोडून खात, अन् हात धुवेपर्यंत मोटार येई. रेणापूरच्या एका व्यापाऱ्यानं तर कोळसा महाग म्हणून ढोलात गोवऱ्या भरल्या. त्याच्या मोटारीमागं गावोगावची कुत्री रडत यायची.

हे हसण्यावारी न्यायचं. पण त्या वायूचं एक आहे, त्याला वास नाही, रंग नाही. इंजिन चालू असलं की ते वायू ओढून घेतं. नळीला फट असली तरी बाहेरची हवाच आत जाते. इंजिन थांबलं की ओढणारं कुणी राहत नाही. ढोल मात्र पेटलेलाच असतो, तो ओकत राहतो. चालती गाडी काही करत नाही. थांबलेली मारते. हे मी माझ्याकडं कामाला राहिलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगत असे, अन् ते हसत. आमच्या उस्तादांच्या गोष्टीत मेलेली माणसं लई असतात, म्हणत.

लाल गाडी बापूसाहेबांची. हदगावच्या अलीकडं एका गावचे हे देशमुख. वडील गेलेले, कारभार आईसाहेबांच्या हाती, हे हैदराबादेत शिकून आलेले. सिकंदराबादचा कोणी इंग्रज अधिकारी लढाईवर निघाला तेव्हा त्याची शर्यतीची गाडी ह्यांनी घेतली. काय गाडी होती! लांब नाक, बुटकी, पुढं दोनच माणसांची जागा, मागं डिकीचं झाकण उघडलं तर आणखी दोघं वारं खात बसतील इतकीच सोय. हॉर्न वाजवला की गाडी पुढं निघून जायची अन् हॉर्नचा आवाज मागून यायचा. अर्धापूरच्या केळीच्या बागांतून ती गेली की घड एका अंगाला पिकायचे.

अशा गाडीत मिस्त्रीनं हात घालू नये. पण बापूसाहेबांना हौस. आधी म्हणाले, आवाज वाढवा, सायलेन्सर कापला. मग आमच्या काळ्या मातीच्या रस्त्यात गाडीचं पोट घासायला लागलं तेव्हा म्हणाले, उंच करा. स्प्रिंगांखाली पट्ट्या घालून उंच केली, तर वळणावर ती नवरीसारखी झुकायला लागली. मग पेट्रोल संपलं. ढोल बसवायची वेळ आली तेव्हा मी त्या लाल बॉनेटवर हात ठेवून बापूसाहेबांना म्हणालो, हिला झाकून ठेवा, लढाई काय जन्मभर चालते का. ते म्हणाले, मला हौस राहिली नाही आता, गरज आहे.

गरज खरी होती. त्यांच्या मंडळींना, धाकट्या बाईसाहेबांना, दिवस गेलेले होते. आधीची दोन लेकरं बाळंतपणात गेली होती. दुसऱ्या वेळी बैलगाडी नांदेडच्या दवाखान्याच्या वाटेवरच होती. लेडी डॉक्टरनं नंतर सांगितलं होतं की पुढच्या खेपेला वेळेवर आणा, नाहीतर लेकरू तर नाहीच, बाईही हाती लागणार नाही. हदगावाहून बैलगाडीला रात्र मध्ये घालावी लागायची. कोळशावरची गाडी, कितीही म्हैस झाली तरी, सकाळी निघून दुपारी पोचली असती.

अडचण एकच. देशमुखांच्या घरात गोषा, बायकांना कडक पडदा. बाईमाणूस उघड्या गाडीत बसणार कसं? तर आईसाहेबांनी हुकूम पाठवला, डिकी काढा आणि तिथं डोली बांधा. शर्यतीच्या विलायती गाडीवर डोली! मी लाकडी चौकट केली, वर टिन मारलं, चारी बाजूंना जाड निळा पडदा, आतून बांधायला दोऱ्या. पुढं चालवणारा, मध्ये डोली, मागं पेटता ढोल, अन् ढोलाची नळी डोलीच्या फळीखालून इंजिनाकडं गेलेली. दुसरीकडून न्यायला वाट नव्हती. त्या गाडीला बघून नांदेडचे टांगेवाले पोट धरून हसत. मीही हसलो. मग रात्री जेवताना हात थांबला.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांना म्हणालो, पडद्यात खिडक्या ठेवू. ते म्हणाले, "उस्ताद, तुमच्या गोष्टीतल्या म्हशीनं एका वेताला विहीरभर दूध दिलं होतं तसलंच हे का?"

मी म्हणालो, म्हशीचं सोडा, हे खरं हाय. त्यांनी आईसाहेबांना विचारलं. उत्तर आलं की आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणीच्या खोलीत दारं लावून शेगडी ठेवतात, कुणी मेलं नाही.

डोलीचं माप बघायला धाकट्या बाईसाहेब स्वतः आल्या होत्या. म्हणजे त्यांची दमणी, छपराची छोटी बैलगाडी, कारखान्याबाहेर उभी, पडदे पाडलेले, अन् त्यांची पाठराखीण गयाबाई दमणी आणि माझ्यामध्ये येरझारा घालत होती. ही गयाबाई बाईसाहेबांच्या लग्नात माहेराहून सोबत आली ती इथंच राहिली. अंगानं बारीक, कपाळावर गोंदण, जीभ माझ्या तोडीची. मला म्हणाली, "उस्ताद, ही डोली हाय का कोंबड्याचं खुराडं? मी आत बसू का अंडं घालू?"

मी तिला वायूची गोष्ट सांगितली. ती जाऊन आत सांगून आली. बाईसाहेबांचा सवाल आला, त्याला वास येतो का? न्हाई. मग कळतं कसं? मी सांगितलं, डोकं जड होतं, झोप येते. झोप यायला लागली की समजायचं, अन् पडदा उघडायचा.

गयाबाई गेली. ह्या खेपेला पडद्याआडून, तिच्या परतण्याची वाट न बघता, बाईसाहेबांचा आवाज सरळ माझ्यापर्यंत आला. "मला तर ह्या दिवसांत कायमच झोप येती. मग मी काय समजायचं?"

त्याच दुपारी मी डोलीच्या पुढच्या फळीत, उशीच्या अंगाला, टिनाची जाळी बसवली. तळहाताएवढी. गयाबाईला सांगितलं, बाईसाहेबांचं डोकं हिकडं. आणि गाडी कुठंही थांबली तर आधी दोऱ्या सोडून पडदा उघडायचा, मग बाकीचं. तिनं मान डोलावली.

दिवस भरत आले तेव्हा बापूसाहेबांनी मला गावाला नेलं. ढोल पेटवणं, पंखा फिरवणं माझ्याकडं, गाडी ते चालवणार. बघतो तर जाळीवर आतून खणाचा तुकडा शिवलेला. चालवणाऱ्याला आतलं दिसतं, म्हणून आईसाहेबांनी शिववून घेतला होता. चालवणारा म्हणजे बाईसाहेबांचा नवरा! पण मी त्यांच्या अंगणात उभा होतो, मी मिस्त्री, काय बोलणार. बापूसाहेबांकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

ठरल्या दिवसाच्या आधीच, सकाळी, बाईसाहेबांच्या पोटात कळा सुरू झाल्या. धावपळ उडाली. मी ढोल पेटवला, पंखा फिरवून हात खांद्यातून निखळायची वेळ आली, मग एकदाचा वायू धरला. गयाबाईनं बाईसाहेबांना धरून डोलीत बसवलं, आपण मागच्या अंगाला, ढोलाकडं पाठ करून बसली. दोऱ्या बांधल्या. गाडी निघाली. मी पायदानावर उभा राहून नळ्यांवर नजर ठेवत होतो. रस्ता असा की दात मोजून घ्यावेत. पण गाडी चालली. अर्धापूर मागं पडलं तेव्हा बापूसाहेब पहिल्यांदा हसले. आतून गयाबाईनं विचारलं, "उस्ताद, तुमची म्हैस दूध देऊन राहिली का?" मी म्हटलं, देऊन राहिली, तू गप बस.

आसना नदीच्या अलीकडं नाका होता. लढाईच्या दिवसांत सरकार शेतकऱ्यांकडून सक्तीनं लेव्हीची जवारी घ्यायचं, अन् चोरून धान्य नेणाऱ्यांना धरायला असे नाके बसवलेले. बैलगाड्यांची रांग लागली होती. बापूसाहेबांनी रांग सोडून गाडी पुढं घेतली. जमादार आडवा आला, इंजिन बंद करायला लावलं, अन् गाडीभोवती फिरला. त्याच्या जन्मात त्यानं असलं वाहन बघितलेलं नव्हतं. मागचा ढोल म्हणजे त्याला धान्याची कणगी वाटली. मी नको म्हणायच्या आत त्यानं वर हात ठेवला. पोळला. रांगेतले गाडीवान हसले, तो चिडला.

"पडदे में क्या है?" म्हणाला.

बापूसाहेब म्हणाले, जनाना आहे, अडलेली बाई आहे, दवाखान्यात चाललोय. जमादार म्हणाला, असंच सगळे म्हणतात हुजूर, परवा एका डोलीत चार पोती निघाली. बापूसाहेब म्हणाले, माझ्या पडद्याला हात लावला तर हात राहणार नाही. दोघांचे आवाज चढले. मी बापूसाहेबांच्या कानाशी लागलो, मालक, एकतर विस्तव काढू द्या, न्हाईतर पडदा उघडायला सांगा. ते म्हणाले, विस्तव काढला तर परत पेटवायला किती वेळ? आणि पडदा? इथं एवढे पुरुष उभे आहेत, दिसत नाही का.

मी ढोलाचं वरचं धुराडं उघडलं. नेम असा की गाडी उभी असताना वायू त्यातून वर निघून जातो. पण वारा मागून, नदीकडं वाहत होता, अन् तो धुराड्यातलं सगळं डोलीवरच लोटत होता. शिवाय रस्त्याच्या दणक्यांनी फळीखालचा सांधा ढिला झाला होता, ते मागाहून कळलं.

मी डोलीजवळ जाऊन हळू आवाजात म्हणालो, "गयाबाई, पडदा उघड."

आतून ती म्हणाली, "कसा उघडू उस्ताद? समदे बघून राहिले."

खरंच बघत होते. दोन शिपाई तर वाकून फटीतून आत डोकावत होते. पडदा आतून ताणला गेला. तिनं दोऱ्या हाताला गुंडाळून धरल्या असणार.

शेवटी जमादारच नरमला. तो वाईट माणूस नव्हता, त्याच्या घरीही पडदा होता. म्हणाला, ठीक आहे हुजूर, तुमची इज्जत ती आमची इज्जत. भोईवाड्यातून एखादी बाई बोलावतो, ती आत बघेल, मग जा. बापूसाहेबांना ते पटलं. रांगेतल्या गाडीवानांनाही पटलं, माना हलल्या. सगळ्यांचा मान राहिला. शिपाई नदीकाठच्या भोईवाड्याकडं गेला, चालत.

मी पुन्हा हाक मारली. गयाबाई म्हणाली, "जरा डोळा लागून राहिला उस्ताद. उन्हानं." थंडीचे दिवस, उन्हात दम नव्हता. मी म्हटलं, झोपू नको, बाईसाहेबांना बोलतं ठेव, दोरी सोड. ती म्हणाली, हाव. तेवढंच. मी बापूसाहेबांकडं धावलो. ते जमादाराशी आता नीट बोलत होते, हैदराबादेतल्या कुणाची तरी ओळख निघाली होती. माझ्याकडं न बघता म्हणाले, आलीच बाई, बघा.

भोईण आली. ओल्या लुगड्याची, माशांचा वास असलेली, धिप्पाड. सगळे पुरुष सभ्यपणानं मागं सरले. तिनं पडद्याला हात घातला, ओढला, अन् माझ्याकडं वळून म्हणाली, "आतून धरलाय की ओ. सोडंनात." पुन्हा ओढून फटीतून बघितलं. "दोघी बी झोपल्यात. उठवू का?"

माझ्या खिशात पट्टा कापायची सुरी होती. मी पडदा वरपासून खालपर्यंत फाडला. माझ्या कानाखाली जी बसली ती बापूसाहेबांची. आजही त्या कानानं कमी ऐकू येतं. मग पडदा खाली पडला अन् त्यांना आत दिसलं.

बाईसाहेब एका कुशीवर होत्या. जाळीवरचा खणाचा तुकडा त्यांनी शिवणीतून उसवून काढला होता, मुठीत होता, अन् तोंड टिनाला लावलेलं. ओठावर जाळीच्या टिनाचे ओरखडे. श्वास चालू होता. गयाबाई बसलेलीच होती, ढोलाकडं पाठ, दोन्ही मुठी पुढं. गाल असे लाल जसे कुणी हळदी-कुंकवाला निघालंय. तो वायू जाताना माणसाला रंग देऊन जातो. दोऱ्या तिच्या मुठींना गुंडाळलेल्या. मी सोडवायला बघितल्या, बोटं उघडेनात. दोऱ्या कापल्या.

भोईणीनं बाईसाहेबांना लहान पोरासारखं उचललं अन् उघड्या जमिनीवर, वाऱ्याला ठेवलं. पदर नाही, काही नाही. अन् तेव्हा ती बैलगाड्यांची सबंध रांग, कुणी न सांगता, पाठ करून उभी राहिली. जमादारही. एवढे पुरुष अन् एकानंही मागं वळून बघितलं नाही. हे करणं इतकं सोपं होतं.

बाईसाहेबांनी डोळे उघडले, ओकल्या, मग कळ आली अन् ओरडल्या. तो ओरडा ऐकून बापूसाहेब जमिनीवर बसले. भोईण म्हणाली, बसून काय राहिले, चला की. तीच गाडीत चढली, बाईसाहेबांचं डोकं मांडीवर घेऊन. फाटक्या डोलीतून, भर दिवसा, देशमुखांची सून नांदेडच्या बाजारातून गेली. गयाबाईला नाक्यावर ठेवलं. गाडीला ओझं झालं असतं, अन् चढ होता.

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. जिवंत, अन् गळा असा की माझा कापलेला सायलेन्सर आठवला. लेडी डॉक्टर म्हणाली, थोडं आणखी थांबला असता तर दोघींपैकी कुणी नसतं. बापूसाहेबांनी पेढे वाटले. मलाही दिला. थपडेविषयी ते कधी बोलले नाहीत, मीही नाही. गयाबाईला आसनेच्या काठी भोयांनीच अग्नी दिला. आईसाहेब आल्या, नातीला बघितलं, अन् गयाबाईचं वय झालंच होतं असं म्हणाल्या. माझ्याहून ती लहान होती.

बापूसाहेबांनी गाडी माझ्याकडं लावली अन् म्हणाले, सगळं काढा, होती तशी करा. मी ढोल काढला, नळ्या काढल्या, स्प्रिंगांच्या पट्ट्या काढल्या, डिकीचं झाकण परत बसवलं, लाल रंग मारला. सबंध आयुष्यात एवढं चोख काम मी केलं नाही. लढाई संपली, पेट्रोल आलं, पण गाडी माझ्या छपराखालीच राहिली. न्यायला कुणी आलं नाही. पुढं मिलिटरी आली, निजाम गेला, त्या गडबडीत तिचे टायर कुणी नेले, मग इंजिन. आपल्या चाकांनी परत न गेलेली तेवढी एकच. वर पहिल्याच ओळीत मी काय लिहिलंय, ते वाचणाऱ्यानं आता विसरावं.

डोली मात्र मी मोडायला घेतली होती, तर देशमुखांचा गडी येऊन मागून घेऊन गेला. कशाला, ते सव्वा महिन्यानं कळलं. बाळंतीण घरी निघाली. माझ्या कारखान्यावरून दमणी गेली, अन् दमणीवर माझीच डोली ठोकलेली, चारी बाजूंनी बंद. आतून लेकराचं रडणं येत होतं. मी उठून उभा राहिलो. ज्या बाजूनं मी सुरी चालवली होती तिथं बारीक टाक्यांनी शिवलेलं दिसलं. पडदा तोच होता. दोऱ्या तेवढ्या नव्या घातल्या होत्या.